काजूचे चांगले झाड कसे जपावे?

'खाण तशी माती' असे आपण म्हणतो. पण काजूला ही म्हण लागू पडत नाही. चांगल्या झाडाची टपोरी बी लावली, तरी नवे झाड तसेच निघेल असा भरवसा नाही. चार-पाच वर्षे राखण करायची आणि शेवटी बी धरते ती बारीक! असे का बरे होते?

काजूच्या मोहोरात काही फुले नुसती नर असतात. काहींत नर-मादी दोन्ही भाग असतात. माश्या एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर नेतात. म्हणजे बीची आई आपल्या बागेतली, पण बाप कोण ते ठाऊक नाही. मग मूल कोणावर जाईल, हे आधी कसे सांगणार?

यावर मोठे काम आपल्याच मुलखात झाले. 1957 साली वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र निघाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी काय केले? आपल्या गावची झाडे पाहिली. वेंगुर्ले तालुक्यातल्या आणसूरच्या काजूतून निवड करून 'वेंगुर्ला-1' ही जात काढली. जवळच्याच वेतोरे गावच्या काजूला नाव पडले 'वेतोरे-56'. त्याचा संकर बंगालकडच्या 'मिदनापूर रेड' या जातीशी केला. संकर म्हणजे एका झाडाचे पराग मुद्दाम दुसऱ्याच्या फुलावर घालणे. येणाऱ्या बिया लावायच्या, वर्षानुवर्षे बी मोजायची, तोलायची, आणि उत्तम झाड तेवढे निवडायचे. अशी 1981 साली 'वेंगुर्ला-4' ही जात मिळाली. 1997 साली 'वेंगुर्ला-7' आली. तिची एक बी सुमारे 10 ग्रॅम भरते. शंभर बियांचा एक किलो झाला!

आता ही जात टिकवायची कशी? बी लावली तर पुन्हा तोच घोटाळा. म्हणून कलम बांधायचे. पिशवीत काजूची बी रुजवून दीड-दोन महिन्यांचे रोप घेतात. त्याचा शेंडा छाटून मधोमध चीर देतात. चांगल्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधतात. मुळे रोपाची, पण वरचे झाड अगदी आईसारखे. कलम लावताना सांधा मातीच्या वर ठेवावा. सांध्याखाली फूट आली तर खुडून टाकावी. नाहीतर गावठी फांदी वाढते आणि कलम मागे पडते.

विद्या काय एकाच तऱ्हेची असते? कोणते झाड भरपूर धरते, हे बी वेचणाऱ्या बाईच्या डोळ्यांना कळते. कलम बांधणाऱ्याची विद्या त्याच्या हातात असते. शास्त्रज्ञ वजन करून लिहून ठेवतो. तिघांचे ज्ञान एकत्र आले, तेव्हा ही झाडे झाली.

आता आपल्यालाही लिहिता येते. तेव्हा एक वही करू या. बागेतल्या झाडांना आकडे घालू या. कोणत्या झाडाची किती किलो बी मिळाली, किलोत किती बिया बसल्या, हे दर हंगामात लिहू या. एका वर्षावर मात्र जाऊ नये. तीन-चार वर्षांचे आकडे जमले की कोणत्या झाडाची काडी घ्यावी, ते आपली वहीच सांगेल.