तीन गोळ्यांची साक्ष

शिकारी रायफलची काडतुसे घरी भरणे हा अमेरिकेत जुना आणि कायदेशीर छंद आहे. एकदा उडवलेली पितळी केस डायमधून पुन्हा मापावर आणायची, नवा प्राइमर बसवायचा, ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोललेली पावडर ओतायची (एका पौंडात 7,000 ग्रेन) आणि वर गोळी दाबून बसवायची. भारतात हा छंद रुजण्याचा प्रश्न नाही: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे आणि 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे.

या छंदातला सर्वांत चिवट गैरसमज असा: पावडरचे सात-आठ चार्ज 0.3 ग्रेनच्या टप्प्याने भरावेत, प्रत्येकाच्या तीन गोळ्या 100 यार्डांवर झाडाव्यात. ज्याचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) सर्वांत लहान, तो चार्ज रायफलला ‘आवडला’. मग तो कागद फोटो काढून मित्रांना दाखवला जातो, चार्ज वहीत लाल शाईने लिहिला जातो आणि शोध संपतो.

वस्तुस्थिती अशी की तीन गोळ्या जवळजवळ काहीच सिद्ध करत नाहीत. गोळ्या लक्ष्याभोवती यदृच्छेने विखुरतात. त्यातल्या तीनच पाहिल्या तर कधी तिन्ही मध्याजवळच्या निघतात, कधी एखादी कडेची. एखाद्या लोडचे (गोळी आणि पावडरच्या ठरलेल्या जुळणीचे) तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी 1 इंचाचे येत असतील, तर त्याच लोडचे असे दहा ग्रुप झाडल्यावर सर्वांत लहान साधारण अर्ध्या इंचाचा आणि सर्वांत मोठा दीड इंचाच्या आसपासचा निघणे हे सांख्यिकीच्या हिशेबाने अगदी स्वाभाविक आहे. म्हणजे दहाही डब्यांत एकच लोड भरून त्यांवर वेगवेगळी लेबले लावली, तरी एक ‘विजेता’ सापडणारच! पुढच्या आठवड्यात तोच विजेता सव्वा इंच देतो, तेव्हा दोष वाऱ्याला, दुर्बिणीला किंवा हाताला दिला जातो. मुळात काही बिघडलेलेच नसते. त्याच लोडच्या पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी 1.3 इंचाचा आणि दहा गोळ्यांचा 1.6 इंचाचा येतो. रायफल खरोखर काय करते हे तो मोठा ग्रुप सांगतो. पण तो फोटोत शोभत नाही.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे वेगातला ‘सपाट पट्टा’. प्रत्येक चार्जची एकेक गोळी क्रोनोग्राफवरून (वेग मोजणाऱ्या यंत्रावरून) झाडायची आणि जिथे वेग वाढायचा थांबल्यासारखा दिसेल, तिथे स्थिर लोड आहे असे मानायचे. .30-06 सारख्या काडतुसात 0.3 ग्रेनने वेग सेकंदाला 15 ते 20 फुटांनी वाढतो. आणि एकाच लोडच्या दोन गोळ्यांच्या वेगातही तितकाच फरक सहज पडतो. दोन गोळ्यांच्या योगायोगाने आलेख सपाट दिसतो. पुन्हा झाडले की पट्टा दुसरीकडे सरकतो, तरीही श्रद्धा ढळत नाही.

योग्य क्रम तुलनेने कंटाळवाणा आहे. आधी सावज आणि अंतर पाहून गोळी निवडायची. मग त्या गोळीसाठी काडतुसे भरण्याच्या मॅन्युअलने सुचवलेली पावडर. सुरुवात कमाल चार्जच्या सुमारे 10 टक्के खालून, तिथून लहान टप्प्यांनी वर. वेग आणि बोल्ट या दोहोंवर लक्ष ठेवून जो चार्ज पसंत पडेल, त्याच्या दहा ते वीस गोळ्या एकाच लक्ष्यबिंदूवर झाडायच्या. शिकारी रायफलची बारीक नळी लवकर तापते, म्हणून दोन-तीन गोळ्या, मग विश्रांती. हे काम वेगवेगळ्या दिवशी केले तरी चालते. सगळी भोके एकाच चित्रात मांडली की मध्यबिंदू आणि पसारा दोन्ही कळतात. पसारा मोठाच राहिला, तर चार्ज 0.1 ग्रेनने हलवण्यापेक्षा गोळी किंवा पावडर बदलणे बरे.

दुसरा गैरसमज जास्त घातक: प्राइमर चपटा झाला नाही, म्हणजे दाब ठीक आहे. .270 विंचेस्टरची केस .30-06 च्याच घराण्यातली. तरी सामी या अमेरिकी उद्योगसंस्थेने पहिल्याची दाबमर्यादा 65,000 आणि दुसऱ्याची 60,000 पौंड प्रति चौरस इंच ठरवली आहे. आपण कोणत्या काडतुसात बसलो आहोत हे प्राइमरला कसे कळावे? चपटेपणा प्राइमरच्या टोपीच्या जाडीवर आणि हेडस्पेसवरही (चेंबरमध्ये केसला मिळणाऱ्या मोकळ्या जागेवरही) अवलंबून असतो. बोल्ट उचलताना जोर लागणे किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा उमटणे, या खुणा बहुधा मर्यादा ओलांडल्यावरच दिसतात. चार्ज कमालपर्यंत पोचण्याआधीच वेग मॅन्युअलमधल्या कमाल वेगाला भिडला, तर दाबही तिथे पोचला असे समजून थांबावे.

मॅन्युअलचे कमाल आकडे वकिलांच्या भीतीने कमी छापलेले असतात, हाही एक लाडका समज. ते प्रयोगशाळेत दाब मोजून ठरवलेले असतात. आवृत्तीगणिक फरक पडतो तो पावडरचा लॉट, चाचणीची नळी आणि गोळी बदलल्यामुळे.

एच 4350 आणि आयएमआर 4350 यांचा आकडा एक असला तरी पावडरी दोन आहेत. एकीचा चार्ज दुसरीला लावू नये. सारख्या वजनाच्या दोन गोळ्यांचेही तेच: तांब्याची एकसंध गोळी शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते आणि केसमध्ये जास्त जागा घेते.

गोळी रायफलिंगला (नळीतल्या पिळाच्या खाचांना) टेकवून बसवली की अचूकता हमखास वाढते असे नाही. दाब मात्र वाढतो, आणि न झाडलेले काडतूस काढताना गोळी नळीतच अडकून पावडर बोल्टखाली सांडू शकते. वेगासाठी दाब वाढवण्यातही फारसे हशील नाही: सेकंदाला 100 फूट जादा वेगाने 300 यार्डांवर गोळीची घसरण जेमतेम इंचभर वाचते.

आणि पावडर कमी घातली की धोका टळतो, हेही खरे नाही. मंद जळणाऱ्या पावडरचा फार कमी चार्ज मोठ्या केसमध्ये भरला, तर दाब अनपेक्षितपणे उसळू शकतो. हॉजडन कंपनी एच 4895 साठी कमाल चार्जच्या 60 टक्क्यांपर्यंत खाली जाण्याची मुभा देते. ती मुभा मंद पावडरींना नाही.