मुंबई ते लंडन : दोऱ्याचे अंतर व घड्याळाचा वेळ

अंतर, वेग व वेळ ह्यांच्या उदाहरणांत आगगाडी व मोटार ह्यांच्या जोडीला आता विमानही आले आहे. परंतु पाटीवरील उत्तर व विमानाचे वेळापत्रक ह्यांचा मेळ बसत नाही आणि चौकस विद्यार्थी तेवढेच नेमके विचारतो. त्यास गप्प बसविणे इष्ट नव्हे. ह्या फरकातूनच भूगोलाचा एक चांगला पाठ घेता येतो.

प्रथम भिंतीवरील नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत सरळ रेषा आखवून घ्यावी. ती इराक व तुर्कस्तान ह्यांवरून जाईल. नंतर पृथ्वीच्या गोलावर ह्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा कराचीजवळून इराण, कॅस्पियन समुद्राचे दक्षिण टोक, काकेशस, काळा समुद्र असा बराच उत्तरेकडून जातो. मुलांना प्रथम हा दोरा वाकडा वाटतो; वस्तुतः जवळची वाट तीच, कारण गोलाचा पृष्ठभाग सपाट कागदावर पसरताना नकाशात फरक पडतोच. गोलाचा विषुववृत्तावरील घेर ७२ सेंटिमीटर असेल, तर दोरा सुमारे १३ सेंटिमीटर भरेल. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरून त्रैराशिक मांडले की अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर येते.

विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरल्यास उत्तर ८ तास. प्रत्यक्षात लंडनला जाण्यास ह्याहून बराच अधिक वेळ लागतो व परतीस त्यापेक्षा कमी. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे व खाली उतरणे ह्यांत वेळ जातो हे खरे. पण मुख्य कारण वारा. विमाने उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. नाव व प्रवाह ह्यांचे उदाहरण मुलांनी सोडविलेले असतेच. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असल्यास वेग ८०० राहतो व ९ तास लागतात. येताना तोच वारा पाठीशी असल्यास ७ तास १२ मिनिटे पुरतात.

शिवाय आकाशालाही सरहद्दी आहेत. काळ्या समुद्रापलीकडे दोरा ज्या युक्रेनवरून जातो, त्याचे आकाश २०२२ मध्ये युद्धामुळे प्रवासी विमानांस बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले. अशा वेळी वळसा घेणे भाग पडते आणि इंधन व भाडे दोन्ही वाढतात. (१९४८ च्या ८ जून रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनीव्हा येथे थांबत गेले.)

शेवटी घड्याळाचे उदाहरण द्यावे. विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले व लंडनच्या घड्याळात सायंकाळी साडेसहा वाजता उतरले, तर प्रवासास किती वेळ लागला? बहुतेक मुले साडेचार तास म्हणतील. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते हे सांगून पुन्हा विचारावे. उत्तर १० तास. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करतात, म्हणून त्या दिवसांत हेच उदाहरण घातल्यास उत्तर ९ तास येईल.