परदेशी जन्म, कोरियन नागरिकत्व आणि ३१ मार्चची मुदत

आई किंवा वडील दक्षिण कोरियाचे नागरिक असल्यास परदेशात जन्मलेले मूलही जन्मतःच कोरियन नागरिक ठरते. जून १९९८ पूर्वी हा वारसा प्रामुख्याने वडिलांकडूनच मिळत असे. जन्माची नोंद केली नाही म्हणून नागरिकत्व टळत नाही. अनेकांना त्याची कल्पनाही नसते.

खरी अडचण मुलग्यांची. ज्या वर्षी वयाची १८ वर्षे पूर्ण होतात, त्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत त्याग न केल्यास, सक्तीच्या सैन्यसेवेचा प्रश्न मिटेपर्यंत नागरिकत्व सोडता येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ही सरसकट मनाई घटनेशी विसंगत ठरवली. ऑक्टोबर २०२२ पासून, परदेशात जन्मून तेथेच वाढलेल्यांना मुदत उलटल्यावरही न्यायमंत्र्यांकडे अर्ज करता येतो. मंजुरी मात्र हक्काची नाही.

अशा कुटुंबातील भारतीय पालकांनी तारखा नीट पाहाव्यात. भारताबाहेर जन्मलेल्या, वंशाने भारतीय असलेल्या मुलाला परकीय नागरिकत्व सोडण्यासाठी भारतीय कायदा सज्ञान झाल्यापासून सहा महिने देतो. अन्यथा भारतीय नागरिकत्व जाते. कोरियाची मुदत मात्र, मुलगा एप्रिल ते डिसेंबरमध्ये जन्मलेला असल्यास, अठराव्या वाढदिवसाआधीच संपलेली असते.