सोलापूरकरांनो, पावसाळ्यात नळदुर्ग बघाच!

हैदराबाद रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग. जिल्हा धाराशिव असला, तरी सोलापूरकरांना तो घरचाच. बोरी नदीचं पाणी वळवून किल्ल्याभोवती खेळवलंय, पण खरी करामत बंधाऱ्यात आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास बांधलेल्या या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे! पावसाळ्यात नदी भरली की 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आपण महालाच्या खिडकीत उभे असतो. समोर पाण्याचा पडदा, अंगावर तुषार, बोलणं ऐकू येईल तर शपथ! गारवा तर विचारूच नका!

बंधाऱ्याच्या पलीकडे जोडकिल्ला रणमंडळ. मुख्य किल्ल्यातल्या उपळी बुरुजाच्या पायऱ्या दमवतात, पण वरच्या लांबलचक तोफा आणि चौफेर नजारा चुकवू नका. कादंबरीकार मेडोज टेलर 1850 च्या दशकात इथेच अधिकारी होता.

पाऊस बेताचा असेल तर सांडवे कोरडे असतात, म्हणून निघण्याआधी तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारा. चपला घसरणाऱ्या नकोत. वाटेत अणदूरचा खंडोबा आहेच.