पापडाचा धंदा आणि अंगचे कसब

लहान धंदा बुडाला की भांडवल अपुरे पडले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु पुष्कळदा उणीव पैशाची नसते. आपल्या हातून नेमके कोणते काम उत्तम होते, याच्या जाणिवेची असते. ती जाणीव असली म्हणजे वेळ, श्रम आणि पैसा ही तिन्ही कशी वाचतात, हे मुंबईच्या लिज्जत पापडाच्या उदाहरणावरून ध्यानी येते.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी चार पुडकी तयार झाली. त्यांच्यापाशी यंत्र नव्हते, कारखाना नव्हता. होते ते केवळ घरोघरच्या स्त्रियांच्या अंगी असलेले कसब. आरंभी उत्तम आणि हलका असे दोन प्रकारचे पापड त्यांनी काढून पाहिले. तेव्हा छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला, की पापड एकच असावा आणि तो चांगलाच असावा. तो सल्ला मानला गेला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद राहिले. पुढील वर्षी एक बाज आणि एक स्टोव्ह विकत घेण्यात आला. पापड बाजेवर आणि स्टोव्ह बाजेखाली. एवढ्याशा खर्चात वर्षाचा तिसरा हिस्सा कामी लागला.

पुढे व्याप वाढल्यावरही कामाची वाटणी याच धोरणाने झाली. पीठ शाखेत एकत्र मळले जाते, म्हणून चव सर्वत्र सारखी राहते. लाटण्याचे काम भगिनी आपापल्या घरी करतात, म्हणून मोठ्या जागेचे भाडे पडत नाही. आणलेले पापड पारखून घेतले जातात आणि लाटणावळ चुकती होते. आज चाळीस हजारांहून अधिक स्त्रियांचा संसार या व्यवस्थेला जोडलेला आहे.

याच संस्थेने चामड्याच्या वस्तू, काड्यापेट्या आणि उदबत्त्या यांतही हात घालून पाहिला. तेथे यश लाभले नाही. माणसे तीच, निष्ठाही तीच. परंतु लाटणाऱ्या हातांचे कसब त्या कामी येणारे नव्हते.

नवा धंदा काढू पाहणाऱ्या कुटुंबाने ‘बाजारात काय खपते?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. पण त्याच्याही आधी ‘आपल्या हाताला काय साधते?’ हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दर हंगामाला बदलते, दुसऱ्याचे मात्र सहसा बदलत नाही.