लस दिली, तरी पिलं का मेली?

बायांनो, मागच्या बैठकीत एका गटाच्या अध्यक्षताईंनी एक प्रश्न विचारला, तो अजून डोक्यातून जात नाही. त्यांच्या गटाने कर्ज काढून १०० पिलं आणली होती. सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात टाकली, तरी तीन आठवड्यांत निम्मी पिलं गेली. "मानमोडीची लस दिली होती ना, मग मर आली कशी?" असं त्या विचारत होत्या. कर्जाचा हप्ता तर थांबत नाही.

मी त्यांना विचारलं, पिलं दिसत कशी होती? त्या म्हणाल्या, चौथ्या-पाचव्या दिवसापासूनच पेंगत होती. बल्बाखाली एकमेकांना चिकटून उभी राहायची, पंख खाली पडलेले. हगताना चिर्र करून ओरडायची, आणि ढुंगणाला चुन्यासारखी पांढरी घाण चिकटून वाळलेली असायची.

उत्तर यातच आहे. मेलेलं पिलू तपासल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू नये, पण ही लक्षणं मानमोडीची नाहीत, पांढऱ्या हगवणीची आहेत. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग आहे. त्यात मान वाकडी होते, श्वास घरघरतो, हगवण हिरवी असते. पांढरी हगवण होते ती साल्मोनेला नावाच्या जंतूमुळे. (साल्मन नावाचे एक अमेरिकन पशुवैद्य होते, त्यांच्यावरून हे नाव पडलं.) लासोटा लस या जंतूला अडवत नाही. म्हणजे ताईंची लस वाया गेली नव्हती, रोगच दुसरा होता.

या साल्मोनेलाचं कुळ फार मोठं आहे. त्यातले दोन भाऊ कोंबडीचेच वैरी. एक पिलांना पांढरी हगवण लावतो आणि आजारी कोंबडीच्या अंड्यातूनच पिलात उतरतो. म्हणजे पिलू खोक्यातून उतरवतानाच रोग घेऊन आलेलं असू शकतं. दुसरा मोठ्या कोंबड्यांना धरतो. तुरा फिका पडतो, पिवळट-हिरवी हगवण लागते, आणि अंड्यावरची कोंबडी दोन दिवसांत आडवी होते. हे दोघं माणसाला सहसा काही करत नाहीत.

खरी गोम पुढे आहे. याच कुळातले दुसरे जंतू कोंबडीच्या आतड्यात गुपचूप राहतात. कोंबडी खाते-पिते, अंडी देते, तिला काही होत नाही. आजारी पडतो तो माणूस, त्यातही पहिलं लहान मूल. एक गोष्ट मात्र स्पष्ट करते, कारण पाड्यावर लोक विचारतात. टायफॉईडचा जंतूही याच कुळातला आहे, पण तो माणसाच्याच विष्ठेतून पाण्यात आणि अन्नात जातो. कोंबडीमुळे टायफॉईड होत नाही.

आता मर आलेल्या गटाची पुढची चूक पाहू. पिलं मेल्यावर त्यांनी वरवर झाडलं, जुन्या तुसावर नवं तूस पसरलं आणि आठ दिवसांत दुसरी पिलं आणली. तीही पेंगायला लागली. का? कारण हा जंतू कोंबडीत राहतो तसाच जागेत राहतो. वाळलेल्या विष्ठेत, तुसात, भेगांतल्या धुळीत तो महिनोन् महिने टिकतो. उंदीर तो पोटात घेऊन फिरतो. माश्या आणि तुसातले काळे किडे तो इकडून तिकडे नेतात. पाण्याच्या भांड्यात कोंबडी हगली की सगळ्या कोंबड्या तेच पाणी पितात. आणि आपल्या चपला? खुराड्यातून थेट चुलीपाशी.

म्हणून खुराडं रिकामं झालं की आधी सगळं तूस खरवडून बाहेर काढायचं. लांब खड्ड्यात टाकून झाकून कुजू द्यायचं. कच्ची विष्ठा परसबागेतल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात अजिबात नको. मग जमीन, जाळी, भांडी साबणाच्या पाण्याने घासायची आणि वाळू द्यायची. त्यानंतरच ब्लिचिंग पावडरचं पाणी शिंपडायचं आणि भिंतींना चुना द्यायचा. बऱ्याच जणी उलटं करतात, शेणामातीवरच औषध ओततात. घाणीवर पडलेलं औषध घाणीतच संपतं, जंतूपर्यंत पोचत नाही. घासण्याचं काम कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे, पण सगळ्या खर्चात तेच स्वस्त. पुढे निदान दोन आठवडे खुराडं रिकामं ठेवा. आषाढ-श्रावणात आपल्याकडे ऊन दिसत नाही, जमीन वाळत नाही. तेव्हा जास्त दिवस थांबा, नाहीतर पिलं आणायचं पावसाळ्यानंतरच ठरवा. खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवा म्हणजे उंदीर येणार नाही. खुराड्याची चप्पल वेगळी, ती दाराशीच राहील. बाजारातून विकत आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवा.

कोणी म्हणेल, आमच्या आजीने यातलं काहीच केलं नाही, तरी तिची गावठी पिलं जगायची. बोलण्यात तथ्य आहे. खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिलू पहिल्या दिवसापासून आईबरोबर उकरतं, टोचतं. आईच्या पोटातले चांगले जंतू त्याच्या पोटात जातात आणि जागा धरून बसतात, मग वाईट जंतूला बसायला जागा उरत नाही. मशीनवरच्या पिलाला आई भेटतच नाही. त्याचं पोट रिकाम्या घरासारखं असतं, जो पहिला येईल तो घुसतो. १९७३ साली फिनलंड देशात नुर्मी आणि रांताला या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू पिलांना पाजले, तेव्हा साल्मोनेलाची लागण कमी झाली. तेव्हा आजीचंही बरोबर होतं. पण म्हणून मशीनची १०० पिलं अंगणातल्या कोंबड्यांत सोडू नका. त्या कोंबड्यांच्या पोटात काय आहे हे आपल्याला दिसत नाही.

औषधाचंही असंच आहे. शेजारणीने दिली म्हणून दुकानातून पुडी आणून पाण्यात घालतात. ही औषधं चांगले जंतूही मारतात. जे वाईट जंतू उरतात ते त्या औषधाला दाद देत नाहीत, आणि उद्या आपल्या मुलाला तोच जंतू लागला तर दवाखान्यातलं औषधही चालत नाही. याच भीतीने केंद्र सरकारने २०१९ साली कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना द्यायला बंदी घातली. पिलं मरायला लागली तर पशुसखीला सांगा किंवा १९६२ या नंबरवर फोन करा. नुकतंच मेलेलं पिलू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, बर्फात ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं तर रोग नक्की कळतो. बाकीची मेलेली पिलं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्यात टाकली की तेच पाणी खालच्या पाड्यावर जातं.

आता घरातलं. आपल्याकडे मुंगूस, रानमांजराच्या भीतीने रात्री कोंबड्या घरात घेतात. डालगं असतं पाण्याच्या हंड्याजवळ आणि सकाळी त्याच जमिनीवर रांगणारं बाळ. बाळाच्या हाताला लागेल ते तोंडात जातं. दुसरं काही जमलं नाही तरी कोंबड्यांना घराबाहेर, उंचावर, जाळीचं खुराडं करा. एवढा एक खर्च गटाच्या कर्जात धरायलाच हवा.

वावरमध्ये बसून अंड्याविषयी लिहिताना हात जरा थांबतो. १९९२ साली याच वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली. आज अमृत आहार योजनेत अंगणवाडीतल्या मुलाला आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी असतात. म्हणून हे वाचून कोणीही मुलाचं अंडं बंद करू नका. ते नीट शिजवा, एवढंच. बलक घट्ट होईपर्यंत उकडलं की जंतू मरतो. अर्धकच्चं, बलक वाहणारं अंडं लहान मुलाला आणि गरोदर बाईला नको. कोंबडीचं मटण हाडाजवळ लाल राहता कामा नये. मटण धुताना जे शिंतोडे उडतात ते भांड्यांवर, भाकरीवर बसतात, म्हणून ते लांब करा. ज्या विळीवर मटण कापलं तिच्यावर साबणाने धुतल्याशिवाय कांदा चिरू नका.

आणि अंडी धुऊन ठेवू नका! अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यावर पातळ नैसर्गिक आवरण असतं. धुतलं की ते आवरण जातं, आणि गार पाण्याबरोबर जंतू आत ओढला जातो. कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत ठेवा, उकडायच्या आधी धुवा.

एवढं करूनही मुलाला जुलाब लागले तर? कच्चं-अर्धकच्चं खाल्ल्यावर ६ तासांपासून ३ दिवसांत ताप, पोटात कळ आणि जुलाब सुरू होतात. मोठं माणूस आठवड्यात बरं होतं. कुपोषित मुलाच्या अंगात तेवढी ताकद नसते. आशाताईंकडून ओआरएसची पुडी घ्या, १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून थोडं थोडं पाजत राहा. झिंकच्या गोळ्या १४ दिवस पुऱ्या करा. अंगावरचं दूध चालू ठेवा. शौचातून रक्त पडलं, ताप उतरत नसला, मूल पाणी पीत नसलं किंवा डोळे खोल गेले तर भगताकडे वेळ घालवू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

ज्या गटांची अंडी अंगणवाडीत जातात त्यांच्यासाठी एक शेवटचं. तडा गेलेलं आणि घाण चिकटलेलं अंडं अंगणवाडीच्या ट्रेमध्ये घालायचं नाही. पण ज्या ताईचं अंडं बाजूला निघतं तिचे पैसे बुडतात, म्हणून ते हळूच ट्रेमध्ये जातं. तेव्हा पुढच्या बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या की अशा अंड्याचे पैसे गट सोसेल.