ओटा बांधण्याआधी...

घर बांधून होते, वास्तुशांत होते आणि चौथ्या दिवशी लक्षात येते, की स्वयंपाकाचा ओटा दोन इंच उंच झाला आहे. पोळ्या लाटताना खांदे भरून येतात. मिस्त्री म्हणतो, ‘‘वहिनी, नकाशात होते तसेच केले.’’ त्याचेही खरेच असते. नकाशा घरातल्या सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण कागदावरच्या रेघेवर पोळी लाटून कोणी पाहिलेली नसते!

कारखानदारीतले कितीतरी तंटे याच जातीचे. सुटे भाग बनवणारा पुरवठादार म्हणतो, ‘ड्रॉइंगप्रमाणे माल दिला.’ गिऱ्हाईक म्हणते, ‘बसत नाही.’ मधल्या मध्ये साचा फुकट जातो, तारीख हुकते आणि बिल अडकते. वस्तू घडण्याआधीच दोघांना मिळून ती पारखता आली तर?

अमेरिकेतल्या बोइंग कंपनीने ‘७७७’ विमान आखताना हा विचार मनावर घेतला. ‘कॅटिया’ या फ्रेंच संगणकप्रणालीवर सबंध विमान त्रिमितीत रेखाटले गेले. पूर्वी नळ्या-तारा एकमेकींना अडत नाहीत ना, हे पाहण्यासाठी पूर्णाकृती नमुने उभारावे लागत. ते काम आता बहुतांशी पडद्यावरच झाले. धडाचे भाग बनवणाऱ्या जपानी कंपन्या त्यात सामील होत्या आणि विमाने घेऊ इच्छिणाऱ्या आठ कंपन्यांनाही सल्ल्यासाठी बोलावले होते. त्याचा फायदा झाला. इंधन भरण्याची जागा पंखाखाली इतकी उंच ठेवली होती, की ‘युनायटेड’च्या इंधनगाड्या तिथवर पोचल्याच नसत्या. हे संगणकाने नव्हे, गिऱ्हाइकाने दाखवून दिले. ओट्याची उंची ओटा बांधण्याआधीच कळली! १२ जून १९९४ रोजी ते विमान आकाशात झेपावले.

पण पडद्यावर पाहणे वेगळे आणि आत शिरणे वेगळे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर चढवायचे एक दृश्ययंत्र बनवले. ते इतके जड होते, की छताला टांगून ठेवावे लागे. पुढे १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात ‘केव्ह’ नावाची खोली तयार झाली. भिंतींवर चित्रे पडत आणि खास चष्मा लावला, की आपण त्या दृश्याच्या आतच उभे आहोत असे वाटे. त्याच दशकात ‘कॅटरपिलर’ कंपनीने तिचा उपयोग केला. अजून न बनलेल्या यंत्राच्या चालकाच्या जागेवर बसून समोरचे किती दिसते, हे पाहता येऊ लागले. अमेरिका आणि जर्मनीतल्या अशा दोन खोल्या जोडून, दूरदूरच्या माणसांना एकाच यंत्राभोवती उभे करण्याचे प्रयोगही झाले.

तेव्हा ही चैन बड्या कंपन्यांचीच होती. २०२३ मध्ये मात्र डोक्यावर चढवायचे असे एक यंत्र अमेरिकेत ५०० डॉलरला बाजारात आले. म्हणजे भोसरी-चाकणच्या पुरवठादाराने आणि त्याच्या जर्मन गिऱ्हाइकाने आपापल्या जागी बसून एकाच यंत्राभोवती फिरावे, हे आता अशक्य राहिलेले नाही. दोघांच्या माना आणि हात कसे हलतात, हे यंत्र टिपते. एकाने बोट दाखवले की दुसऱ्याला ते दिसते. शेजारी फिटर असेल, तर तो हात आत घालून चटकन म्हणेल, ‘‘साहेब, बोल्ट बसेल, पण पाना फिरणार कुठे?’’

अर्थात, ही जादूची कांडी नव्हे. आभासी वस्तूला वजन नसते. कडेला राहिलेली बर बोटाला लागत नाही, की ओतकामातला पोकळ ठिपका दिसत नाही. मान वळवल्यावर चित्र जरा मागे राहिले, तर गरगरते, मळमळते. आणि पुरवठादाराच्या पोटातली खरी भीती निराळीच असते. आपली युक्ती आपण उघडपणे दाखवायची आणि ऑर्डर मात्र स्वस्त देणाऱ्या तिसऱ्यालाच मिळायची! म्हणून चष्मा चढवण्याआधी रेखाटन कोणाचे, सुचवलेली सुधारणा कोणाची आणि ती कोणाला दाखवायची, हे कागदावर ठरलेले बरे.

शेवटी प्रश्न यंत्राचा कमी आणि बोलावण्याचा अधिक आहे. चष्मा फक्त दोन्हीकडच्या साहेबांच्याच डोक्यावर चढला, तर नकाशाऐवजी भारी नकाशा आला, एवढेच होईल. तो फिटरला मिळाला पाहिजे, इंधनगाडीवाल्याला मिळाला पाहिजे. लहान पुरवठादाराला केवळ ‘इतक्या दिवसांत, इतक्या भावात’ असे न सांगता ‘तुम्हाला काय वाटते?’ असेही विचारले गेले पाहिजे.

आणि ओट्याचे म्हणाल, तर त्याला चष्माही लागत नाही. विटा रचण्याआधी वहिनींना दोन मिनिटे तिथे उभे राहायला सांगितले, तरी पुरते!